महाराजांच्या पोथीतला उपग्रह

दौलताबादच्या अलीकडच्या त्या वाडीत संध्याकाळचे सात वाजले, की मेघनाथ महाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरत नसे. महाराज भगव्या फडक्यातल्या पोथीत डोकं खुपसत, डोळे फिरवत, एक लांब ढेकर देत आणि सांगत, "इंद्र आत्ताच येऊन गेला. उद्या तीननंतर पश्चिमेकडून वादळ. विजा बी पडतील." दुसऱ्या दिवशी वादळ यायचं आणि गर्दी दुप्पट व्हायची.

"ज्याच्या मनगटाला माझा धागा, त्यानं रान सोडायचं काम नाय," महाराज बजावत. "वीज वळसा घालून जाईल."

पुढच्या रांगेत कडूबाई बसे. महिन्यापूर्वी कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना तिचा मुलगा कृष्णा वीज पडून गेला. मनगटाला धागा होता. महाराजांनी दुसऱ्याच दिवशी घरी येऊन निवाडा दिला, "गाठ कुणी बांधली? तूच ना? सैल बांधलीस." तेव्हापासून ती जेवायला बसली की घास विसरून स्वतःच्या बोटांकडे बघत राही. आणि पहाटे उठून त्याच महाराजांचा मंडप झाडी.

शाळेतल्या रत्नमालाबाईंना ते पाहवेना. परीक्षेत कॉपी कशी पकडायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघांची बरोबर उत्तरं जुळली तर काही सिद्ध होत नाही. चुका जुळल्या की पोरगं सापडतं. कृष्णा गेल्यापासून त्या महाराजांचं भाकीत वहीत उतरवत होत्या आणि समोरच्या पानावर हवामानाच्या संकेतस्थळावरचा अंदाज. आज त्या वही घेऊन भर मंडपात उभ्या राहिल्या आणि दोन्ही पानं मोठ्यानं वाचली. शब्दसुद्धा तेच.

महाराज हसले. "बाई, सत्य एकच असतंय. इंद्र बी तेच सांगणार, सरकार बी तेच."

"सत्य एक असतं, महाराज. चूकही एकच कशी?"

बाईंनी वहीतलं शनिवारचं पान उघडलं.

"वर उपग्रह आहे," बाई म्हणाल्या. "ढगांचे माथे किती थंड, हवेत ओल किती, वारा कुठं निघालाय, हे तो सतत मोजतो. ती मोजमापं संगणकातल्या गणितात भरली, की जुना अंदाज दुरुस्त होऊन नवा निघतो. गेल्या शनिवारी संध्याकाळी संकेतस्थळानं दुसऱ्या दिवशीच्या गारा सांगितल्या होत्या. रात्री नवी मोजमापं आली, अंदाज बदलला, सकाळी गारा रद्द. तुम्ही मात्र सातला गारा सांगून शहरात जेवणावळीला गेला होतात, नवा अंदाज पाहिलाच नाहीत. तुमचा इंद्र जुनाच पाढा म्हणत राहिला आणि अख्खी वाडी दिवसभर कांदा झाकत बसली. एक गार तरी पडली का?"

"नास्तिक! पोथीला हात लावशील तर भस्म होशील!" महाराज किंचाळले.

हात बाईंनी लावलाच नाही. कडूबाई उठली आणि तिनं फडकं ओढलं. पोथीत दडवलेला मोबाइल खाली पडला. पडद्यावर ढगांचा नकाशा होता. पोरं खदखदून हसली. भस्म कुणीच झालं नाही. महाराज मागच्या दाराकडे सरकले, तर तिथं सरपंच नानासाहेब पोलिसांना फोन लावत उभे.

कडूबाई तेवढी हसली नाही. "बाई, माझा कृष्णा गेला त्या दिशीबी ह्यात दिसत व्हतं का?"

महाराजांना पाठांतर जमत नसे. अंदाज दिसला की ते पडद्याचा फोटो काढून ठेवत. बाईंनी मोबाइल उचलून त्या दिवसाचा फोटो शोधला. दुपारी एक चाळीस: पुढच्या दोन तासांत विजांचा धोका, उघड्यावर थांबू नका. कृष्णा गेला तीनच्या सुमारास. तेव्हा महाराज पक्क्या खोलीत कडी लावून समाधीत होते.

खोटं बोलावं असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांनी वाचून दाखवलं.

"मंग माझी गाठ..."

"गाठ सैल असो की घट्ट, धाग्यानं वीज अडत नाही, कडूबाई. तुमची काही चूक नव्हती."

"आन् ह्याला ठावं व्हतं."

"होय."

महिनाभर कडूबाईला वाटत होतं की आपण पोराला मारलं. आता कळलं की ज्याचा मंडप ती झाडत होती, तो माणूस सगळं वाचून कडी लावून बसला होता. मागे कुणीतरी कुजबुजलं, "हा भोंदू निघाला, पण सिल्लोडकडचे ते महाराज खरे हायेत म्हणं."

लोकहो, आकाशाचं मोजमाप कुणाच्या कृपेनं मिळत नाही. ते सगळ्यांसाठी आहे आणि चुकलं तर दुरुस्तही होतं. तेव्हा जो कुणी उद्याचं सांगेल, त्याला विचारा, तुला हे कसं कळलं? एवढा प्रश्न महिन्यापूर्वी एकानं विचारला असता, तर कृष्णा आज घरी असता. रत्नमालाबाईंना तेव्हाही संशय होता. लोकांच्या श्रद्धेत कशाला पडा म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.