खाली बसवलेली गाडी

“गाडीत कोण कोण बसतं?” मिस्त्रीने विचारलं.

गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि मिस्त्री तिच्या पोटाखाली उभा राहून मागची स्प्रिंग चाचपत होता. प्रश्न साधाच होता.

“मीच,” तो म्हणाला. “कधीमधी बायको.”

ताईचं नाव ओठांवर आलं होतं. दर बुधवारी सकाळी तो तिला पाठीच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात घेऊन जायचा, म्हणजे गाडीत सगळ्यात नेमाने बसणारी तीच. पण तिचं नाव घेतलं असतं तर मिस्त्रीने पुढचं विचारलं असतं, वय काय, त्रास कसला, आणि शेवटी म्हणाला असता, मग राहू द्या साहेब. ते ‘राहू द्या’ त्याला ऐकायचं नव्हतं.

बाकावर गाडी खाली बसवायचा माल मांडून ठेवला होता. नुसत्या आखूड स्प्रिंगा होत्या, त्या बसवल्या की गाडी कायमची खाली. एक नावाजलेल्या कंपनीचा अॅडजस्टेबल सेट होता, त्याची किंमत ऐकून त्याने तो अलगद खोक्यात परत ठेवला. आणि तसाच दिसणारा, पण स्वस्तातला, आणखी एक. शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले, त्या आट्यांवर एक जाड रिंग. पान्याने रिंग फिरवली की स्प्रिंग वर किंवा खाली, आणि तिच्यामागे गाडी.

“हा घेऊ?” त्याने विचारलं.

“घ्या की. पण आधीच सांगतो, कडक चालणार. आणि पाणी-चिखल लागून रिंगा जाम होतात. अधूनमधून साफ करून ग्रीस लावावं लागतं. लोक लावत नाहीत.”

“मी लावीन.”

“सगळे असंच म्हणतात,” मिस्त्री म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.

त्याने तो सेट घेतला तो एका गोष्टीसाठी. वाटलं तर गाडी पुन्हा वर घेता येणार होती. ताईने काही विचारलंच तर द्यायचं उत्तर त्याच्याकडे तयार झालं होतं.

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. पुढे काउंटरवर लोक चष्मा डोळ्यांवर चढवायचे, आरशात बघायचे, विक्रेत्या पोरीला थँक यू म्हणायचे. मागे कोणी आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण चाळिशी उलटल्यावर त्याने एक जुनी लाल गाडी घेतली, रविवारी तिला पॉलिश करू लागला, आणि पहिल्यांदाच लोक थांबून त्याच्या एखाद्या वस्तूकडे बघू लागले. बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये अशी गाडीवेडी मंडळी जमायची. तिथे त्याला ‘चष्मा’ म्हणत. ते नावही त्याला आवडायचं. एका रविवारी कोणीतरी म्हणालं, “चष्म्याची गाडी भारी आहे, पण टाचा उंच करून उभी असल्यासारखी दिसते.” सगळे हसले, तोही हसला. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

ताईची गोष्ट वेगळी. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता आणि ताईची शाळा नुकतीच संपली होती. ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात लागली. ओल्या चादरींचे ढीग उचलायचे, पिळायचे, वाळवायचे, असं तिचं सगळं आयुष्य गेलं. त्याला तिने वाढवलं, काचा घासायचं शिक्षण दिलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहूनच गेलं. “निवृत्त झाले तेव्हा त्यांनी माझं सगळं परत दिलं,” ती म्हणायची. “पाठ तेवढी तिथेच राहिली.” आणि स्वतःच हसायची.

गाडी खाली बसवून आणली त्या संध्याकाळी बायको दार उघडून आत बसली आणि म्हणाली, “गाडीत चढतात ना लोक? इथे विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय.” मग तिने विचारलं, “आणि ताई?”

“वर घेता येते,” तो म्हणाला. “रिंग फिरवायची फक्त.”

बुधवारी तो घ्यायला गेला तेव्हा ताई तिच्या फाटकाशी आली आणि गाडीकडे बघत उभी राहिली. “अरे वा, नवी घेतलीस?”

“तीच आहे. जरा खाली केली.”

तिने कौतुकाने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दाराची चौकट धरून ती बसायला लागली. नेहमीच्या उंचीला सीट लागली नाही, तेव्हा ती अधांतरीच क्षणभर थबकली, हात निसटला आणि ती धप्पकन सीटवर पडली. तिचा श्वास अडकलेला त्याने ऐकला.

“लागलं?”

“छे. जमीन इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं.”

वाटेत ती शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगत होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा गाडी जशीच्या तशी आत पोचवत होती. खड्डा आला की ताईचं वाक्य मधेच तुटायचं, हात दाराच्या मुठीवर घट्ट व्हायचा, आणि मग ती जिथे थांबली होती तिथूनच वाक्य पुढे न्यायची. मांजराची एवढीशी गोष्ट हॉस्पिटल येईपर्यंत पुरली.

“कडक वाटते का?” त्याने विचारलं. “वर घेता येते हं.”

“कशाला? छान दिसते की.”

नेमकं हेच ऐकायला तो आसुसला होता, म्हणून ते वाक्य त्याने पुढे तपासलं नाही. दिवसभर काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारा तो माणूस, पण बहिणीच्या चेहऱ्याकडे त्याने बघितलं नाही.

असे काही बुधवार गेले. मग एकदा ताईचा फोन आला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही त्याच हॉस्पिटलात जायचं असतं, दोघी बसने जाऊ म्हणते. “गप्पा होतात रे. आणि तुझी उगाच अर्धी सकाळ मोडते.”

“बघ बुवा. तुला चालेल ना?”

“न चालायला काय झालं?”

बायकोने हे ऐकून हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. “ताई बसने जाणार? आणि तुम्ही हो म्हणालात?”

“तीच म्हणाली.”

“त्या म्हणणारच. त्या कधी काही मागतात का?”

“प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधायचंच का?” तो चिडून म्हणाला. चिडण्यासारखं काही नव्हतं हे त्यालाही कळत होतं. वरच्या मजल्यावरची बाई सकाळच्या शाळेत शिकवते, हेही त्याला माहीत होतं. ताईनेच कधीतरी सांगितलं होतं. ते आठवू नये म्हणून तो पेपर घेऊन बसला.

बुधवारच्या सकाळी आता मोकळ्या झाल्या. अशाच एका बुधवारी पार्किंगमधल्या मंडळींपैकी एक दोस्त चाकं बघायला त्याच्याबरोबर निघाला होता. ऊन स्वच्छ होतं, गाडी चकाकत होती, आणि दोस्त सांगत होता की आता कशी अगदी रस्त्याला चिकटून चालते. सिग्नल लाल झाला. त्याने गाडी थांबवली आणि सहज डावीकडे बघितलं.

बसथांब्यावर ताई उभी होती. एकटी. शेजारचं बाकडं रिकामं होतं, पण ती बसली नव्हती. एका हाताने तिने थांब्याचा खांब धरला होता आणि दुसरा हात कमरेवर मागे टेकवला होता, उलटा, तळवा बाहेर. धुलाईखात्यातून घरी आल्यावर ती दारात अशीच उभी राहायची.

थांब्याच्या पुढे गाडी बाजूला घ्यायला जागा होती. त्याने ती बघितली. दोस्ताला उतरवून मागे बसवलं असतं, ताईला पुढे घेतलं असतं. मग दोस्तासमोर ती कशी बसली असती, चौकट धरून, पाय कसे आत ओढले असते, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. सिग्नल हिरवा झाला. मागून कोणी भोंगा वाजवायच्या आत त्याने गाडी काढली.

“काय रे, ओळखीचं कोणी?” दोस्ताने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

दिवसभर त्याच्या हातून काचा बिघडत राहिल्या. संध्याकाळी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, बायकोच्या सर्दीची चौकशी केली आणि मग म्हणाली, “अरे, आज तुझी गाडी बघितली सिग्नलला. लांबून खरंच छान दिसते. सगळे बघत होते.”

“हो का,” एवढंच तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. थांब्याचं, जागेचं, दोस्ताला दिलेल्या उत्तराचं. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि आतून म्हणाली, “जेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर गेला. “वर घ्या,” म्हणाला. “जेवढी जाईल तेवढी.”

मिस्त्रीने चाक काढलं, बॅटरीचा उजेड पाडला. आट्यांवर तांबूस गंज धरला होता आणि त्यात माती घट्ट बसली होती. पाना लावला, घसरला. तेल सोडलं, वाट बघितली, हातोडीने ठोकलं. रिंग तसूभर हलली नाही. शेवटी पान्याला लांब पाइप लावून दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा रिंगेचा एक दात तुटून खाली पडला.

“ग्रीस लावलं होतं का?” मिस्त्रीने विचारलं.

त्याने मान हलवली, नाही अशी.

“आता हे नावालाच अॅडजस्टेबल. जुने शॉकअप आहेत ना तुमचे? तेच परत टाकू.”

जुने त्याने गाडी खाली बसवली त्याच दिवशी भंगारात देऊन टाकले होते. पुन्हा लागतील असं वाटलंच नव्हतं. मग कंपनीचे नवे, साध्या उंचीचे मागवावे लागले. ते यायला बरेच दिवस गेले. मधल्या काळात दोनदा तो ताईकडे जाऊन आला, दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेला, आणि दोन्ही वेळा तिचा नळ दुरुस्त करून, बल्ब बदलून परत आला. ती दार उघडायला आता उशीर लावत होती. खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवलेली होती आणि ती ओट्याला टेकूनच उभी राहून बोलत होती. त्याला वाटलं, काम करतेय.

गाडी उंच होऊन आली त्यानंतरच्या बुधवारी तो लवकर निघाला. फाटकाशी गेला तर ताई बाहेर पडलेली. थांब्यावर गाठली. त्याने गाडी पुढच्या जागेत नीट लावली आणि उतरून आला.

“अरे, तू कसा?”

“चल, सोडतो. गाडी पहिल्यासारखी केलीय. बघ.”

ताईने गाडीकडे बघितलं. “आणि ती एवढी छान दिसत होती ती?”

“रिंगा गंजल्या होत्या.”

“माझ्यासाठी नाही ना केलंस?”

“नाही,” तो म्हणाला, आणि मग, “हो.”

ती थोडी हसली. “वेडा आहेस. अरे, मला आता बसताच येत नाही. महिना होत आला. बसलं की पायात कळ जाते, ती थांबतच नाही. डॉक्टर म्हणाले, उभं राहा किंवा आडवं व्हा. बसमध्ये बरं पडतं, उभं राहता येतं.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय, तू उभ्याने नेणार होतास?”

तिने हे विनोद म्हणूनच सांगितलं होतं. त्याने हसायचा प्रयत्न केला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तो खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

“ताई, त्या दिवशी सिग्नलला…”

“हिरवा झाला होता,” ती लगेच म्हणाली. “मागे एवढ्या गाड्या. थांबणार कुठे तू?”

“जागा होती, ताई. आता लावलीय तिथेच.”

ताईने त्या जागेकडे बघितलं. लाल गाडी तिथे ऐसपैस उभी होती, पुढेमागे जागा सोडून.

“असेल,” ती म्हणाली.

मग तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

बस आली. “मी येतो बरोबर,” तो म्हणाला.

“कामावर जा. काचा थांबल्या असतील लोकांच्या.”

दार उघडलं. ड्रायव्हरने ताईला बघितलं आणि कुठलंसं बटण दाबलं असावं, कारण सुस्कारा टाकल्यासारखा हवेचा आवाज झाला आणि ती एवढी मोठी बस फुटपाथच्या बाजूला हळूहळू कलून खाली आली, पायरी फुटपाथला टेकेपर्यंत. ताईने कमरेवरचा हात काढला आणि एक पाऊल टाकून ती आत गेली. आत सीटा रिकाम्या होत्या. ती मधल्या दांडीपाशी जाऊन सरळ उभी राहिली. तिने दांडी दोन्ही हातांनी नीट धरली, तोवर ड्रायव्हर आरशात बघत थांबला. मग बस पुन्हा वर उचलली गेली आणि निघाली.