सिनफोरियानोचा वाटा

दरवर्षी बारा जूनला, चाकोची लढाई थांबली त्या दिवशी, शाळेतली पोरं मला खुर्चीत बसवतात आणि सिनफोरियानोची गोष्ट सांगायला लावतात. बोलिव्हियाशी झालेल्या त्या लढाईत गेलेल्यांपैकी गावात आता मी एकटाच उरलोय, तेव्हा सुटका नाही. सिनफोरियानोने एकट्याने बोलिव्हियावाल्यांची मशीनगन कशी बंद पाडली ते मी सांगतो, टाळ्या पडतात. नगराध्यक्ष तर भाषणात त्याला सहा फुटी करून टाकतो. मेल्या म्हशीला मणभर दूध. खरं तर सिनफोरियानो जेमतेम माझ्या खांद्याला लागायचा, आणि सैन्याने दिलेले बूट चावतात म्हणून ते गळ्यात अडकवून अनवाणी हिंडायचा.

एक गोष्ट मात्र मी तीस वर्षं गिळत आलो होतो.

यंदा कार्यक्रम आटोपून मी त्याच्या बायकोकडे, देओलिंडाकडे गेलो. तिच्या लेकीचा मी धर्मपिता, म्हणून ती मला कंपाद्रे म्हणते, मी तिला कोमाद्रे. आंब्याखाली ती तेरेरे घेऊन बसली होती. शिंगाच्या पेल्यात येर्बाची पानं, वरून गार पाणी. पेला एक, नळी एक, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. पुरे झालं की पेला परत देताना ‘आभारी आहे’ म्हणायचं. एकदा म्हटलं की संपलं, मग पुन्हा कोणी भरून देत नाही.

देओलिंडा स्वतः प्यायली, मला दिला, मग तिसरा भरून तिने रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. थोड्या वेळाने ते पाणी ती आंब्याच्या बुंध्याशी ओतणार, हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं हेच चाललंय.

“कोमाद्रे, आता पुरे की,” मी म्हटलं.

“पुरे कसं? सैन्याची लॉरी आली नि हातातला पेला ठेवून तसाच उठला तो. आभार कुठे मानलेत? म्हणजे अजून प्यायचंय त्याला.”

मला राहवेना. “मानलेत,” मी म्हणालो. “माझ्यापाशी मानलेत.”

तिने पेल्याकडे नेलेला हात मागे घेतला. “सांगा.”

“आम्ही पाच जण दोन दिवस खंदकात अडकलो होतो. विहिरीच्या वाटेवरच ती मशीनगन. डब्याच्या तळाशी पाणी उरलेलं, तेही खारट, येर्बाशिवाय घशाखाली उतरेना. पेला भरून देणारा मी. सिनफोरियानोला दिला, तर त्यानं तोंडही न लावता परत केला. म्हणाला, ‘आभारी आहे, गड्या. पोट तुडुंब भरलंय.’ आणि ओठ बघाल तर फुटून रक्त वाळलेलं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. मला कळलं होतं, कोमाद्रे. जो परत यायचा नाही त्याच्यावर पाणी कशाला घालवायचं, असं त्यानं मनात धरलं होतं. मी त्याला धरून बसवायला हवं होतं.”

“मग?”

“मला तहान लागली होती. त्याचा वाटा मीच प्यायलो. दुसऱ्या कुणाला द्यावा, तर तेही नाही. मी पीत होतो तेवढ्यात तो बूट माझ्यापाशी टाकून, दोन हातबॉम्ब घेऊन सरपटत निघालासुद्धा. मशीनगन बंद पडली. तो उठला नाही. विहिरीवर आम्ही चौघे पोचलो.”

तिने खुर्चीपुढचा पेला नीट सरळ केला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

“तीस वर्षं पोरांपुढे तोंडाची वाफ दवडता, आणि मला हे आज सांगता?” ती म्हणाली. मग पालथा हात डोळ्यांवरून फिरवला. “मला तर ‘आभारी आहे’ म्हणाला नाही ना तो?”

“नाही.”

“मग झालं.”

खुर्चीपुढचा पेला तिने उचलला. बुंध्याशी न ओतता माझ्या हातात दिला.

“घ्या. तेव्हाही त्याचा तुम्हीच प्यायलात.”

नळी खरखरेपर्यंत मी प्यायलो. सवयीने ‘आभारी आहे’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि मुकाट्याने पेला परत केला. देओलिंडाने तो पुन्हा भरायला घेतला.