आधी पूजा कुणाची

चौसाळ्यात हायवेला लागून विरुपाक्षचं किराणा दुकान आणि मागं घर. घर लिंगायत, नवरा-बायको दोघांच्याही गळ्यात इष्टलिंग. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात कण घालायचा नाही, हा घरचा नेम. पूजेचा कोपरा मात्र एकच. सहाला विरुपाक्ष तिथं बसला की सातपर्यंत हलायचा नाही. तेवढ्यात गंगासागरनं शटर उघडायचं, दूध उतरवून घ्यायचं, मग त्याचा नाष्टा, लेकीचा डबा, स्वयंपाक, धुणं. तिच्या पूजेला अकरा वाजायचे. सात वर्षं रोज पोटात आग पडायची, पण बाईनं कधी चकार शब्द काढला नाही.

काल पालीचे केदारनाथभाऊजी जेवायला आले. ताटावर बसून विरुपाक्ष ऐटीत म्हणाला, की आमच्यात बाई अन् गडी सारखेच, लिंग दोघांनाही. गंगासागर आत पोळ्या लाटत होती. एक वाजून गेला होता आणि तिची पूजा व्हायचीच होती. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण संताप त्याहून मोठा होता. सारखेच म्हणे!

आज सहाला आंघोळ करून तीच आधी कोपऱ्यात बसली. दाराआड तिची पिशवी भरलेली होती. नवरा ओरडला, तर लेकीला घेऊन माहेरी, परळीला जायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. बाहेर दुधाचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होता. विरुपाक्ष दारात येऊन खाकरला, मग पाय आपटला. पूजेला बसलेल्याला उठवता येत नाही. तळहातावरच्या लिंगावर तिनं नजर रोखून धरली, पण कान दाराकडंच होते. शेवटी शटर वाजलं.

दुकानात आज गर्दी, त्याला पूजेला उठताच येईना. साडेदहाला तो आत आला तो नजर चोरतच. मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता.

"खाल्लं तुमी?"

तो मटकन खाली बसला. "साडेआठलाच पुडा फोडला. दमच न्हाई निघाला."

त्याची फजिती झाली की बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. त्याच बिस्किटांच्या राशीपाशी सात वर्षं ती उपाशी उभी राहिली होती.

"तू रोज अकरापर्यंत..." तो अडखळला. "बोलली कावून न्हाईस?"

"रोज तुमच्या डोळ्यांसमोरच हुते की."

खाली मान घालून तो म्हणाला, की उद्यापासून तूच आधी बसत जा.

"रोज न्हाई. एक दिवस मी, एक दिवस तुमी."

त्यानं मान हलवली. तिनं पदरानं त्याची मिशी पुसली, मग दाराआडची पिशवी उचलून लुगडी परत कपाटात लावू लागली. विरुपाक्षनं ती पिशवी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.