देवाखालचा दिवा

आरतीला अख्खं कळंब पांढऱ्या पायाची म्हणायचं. तोंडावर नाही हो, तोंडावर बोलायला हिंमत लागते. पाठ वळली की म्हणायचं. का, तर गेल्या मार्गशीर्षात सासरे हौशीराम छातीत कळ येऊन कासावीस झाले, नवरा गोरख लग्नाला येडगावला गेलेला, म्हणून मंचरच्या दवाखान्यात न्यायला सुनेनं गाडी काढली. मंचर डोळ्यांपुढं दिसत असताना गाडी बंद पडली ती पडलीच. दुसऱ्याची गाडी थांबवेपर्यंत म्हातारा तिचा हात धरून बसल्या जागी गेला. तेव्हापासून सासू साळुबाईचं एकच पालुपद: "हिनंच कायतरी दाबलं न् बंद पाडली. माझा गोरख असता तर माझं कुंकू राहिलं असतं."

वर्षभर ऐकलं पोरीनं. आणि माहेर कुणाचं? तर पिंपरी पेंढारच्या दादाभाऊ मिस्त्रीचं! बापाच्या गॅरेजात पाने पुसत वाढलेली. पण सासरी बाईमाणसानं बॉनेटला हात लावायचा नाही, आणि त्यातून ती मेल्या माणसाची गाडी. गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून होती. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तसा गोरखला एकदम भंगारवाल्याचा पुळका आला.

"उद्या येतोय तो. जाऊंदे ब्याद."

"आधी कुणाला दाखवा तर खरं," आरती म्हणाली.

"तू नको शिकवू मला."

उद्या गाडी गेली की काय बिघडलं होतं ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि आपल्या कपाळावरचा डाग जन्माचा राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गोरख कांद्याची पिकअप घेऊन मार्केटला गेला, सासू गिरणीवर गेली, तशी तिनं ताडपत्री ओढून काढली. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली.

गाडी वीस-बावीस वर्षांची, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनची, पण जुन्या पद्धतीची. हिला हल्लीचा बिघाड शोधायचा स्कॅनर चालत नाही. बॉनेटखालच्या एका प्लगात दोन भोकं तारेच्या तुकड्यानं जोडायची, चावी फिरवायची आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. आधी लुकलुकेल ते दहाचे, थांबून लुकलुकेल ते सुट्टे, मिळून नंबर. त्या नंबरावरून दुखणं कळतं. तिचा बाप, आण्णा, म्हणायचे, "पोरी, तीनदा मोज. घाई केली की भलताच पार्ट बदलशील."

तार घातली, चावी फिरवली. दिवा नाहीच! बल्ब गेला असंल म्हणून ती वाकून बघायला लागली. दिव्याची जागा डाव्या कोपऱ्यात. आणि तिथं काचेवर घोड्यावर बसलेला खंडेराय होता. दोन बोटांएवढं स्टिकर.

मामा गेले त्याआधीच्या दिवाळीत गोरखनंच ते जेजुरीहून आणून आपल्या हातानं लावलं होतं. "काट्यांच्या काचेवर कुठं लावता?" तिनं विचारलंही होतं. "देव समोर दिसाय पायजे," तो म्हणाला होता. आणि मामांना, सासऱ्यांना, शेजारी बसवून निघताना तिनं ह्याच देवाला हात जोडले होते. लवकर पोचव रे बाबा, म्हणाली होती.

तिनं नखानं स्टिकर उचकटलं. खाली दिवा लुकलुकत होता. चारदा. थांबून दोनदा. तिनं तीनदा मोजलं. बेचाळीस. आण्णांच्या गॅरेजातल्या भिंतीवर खडूनं लिहिलेली यादी तिला पाठ होती: बेचाळीस म्हणजे कॅमचा सेन्सर. तो रुसला की इंजिनाला पेट्रोल कधी उडवायचं तेच कळत नाही, मग चालती गाडी मरते.

सेन्सरचा प्लग उपसला तर आतल्या पिना हिरव्यागार, सडलेल्या. पाणी शिरलेलं. पाणी कुठनं आलं हेही तिला ठाऊक होतं. त्याच सालच्या खंडेनवमीला गोरखनं ट्रॅक्टरबरोबर हिचंही इंजिन फवारणीच्या पंपानं धुतलं होतं. ती नको नको म्हणत होती. "वर्षातनं एकदा आंघूळ घालतोय, घालू दे की," म्हणून हसला होता. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. सगळं यथासांग.

तिनं प्लग पुसला नाही. तसाच बसवला आणि चावी चालू ठेवून वाट बघत बसली.

साळुबाई दळणाचा डबा घेऊन आली, पाठोपाठ गोरखही. आरतीनं तळहातावरचं स्टिकर पुढं केलं.

"दिवा लागत व्हता. तुमाला ठावं व्हतं?"

गोरखनं दिव्याकडं बघितलं, मग आईकडं. "बा डोस्कं खायचा. दिवा लागलाय, गाडी दाखव, दिवा लागलाय, गाडी दाखव. चालत व्हती की गाडी! मला काय सपान पडलं व्हतं का असं व्हईल म्हनून?"

"आन नंतर? वर्षभर?"

ह्यावर मात्र मर्द ताडपत्रीची घडी घालायला लागला.

आरती साळुबाईकडं वळली. खरं सांगायचं तर तिला आशा होती. आता म्हातारी कपाळ बडवून घेईल, पोराला चार शिव्या देईल, निदान 'चुकलं गं माजं' म्हणेल. साळुबाईनं डबा खाली ठेवला, तिच्या हातातलं स्टिकर घेऊन कपाळाला लावलं आणि म्हणाली, "चिकटव परत."

"आत्या, ऐकलंत न्हवं तुमी?"

"ऐकलं. जनाला कळलं, बाप मारला म्हनतील. त्याला न्हाई सोसायचं ते." मग आवाज उतरवून, अगदी मायेनं म्हणावं तसं म्हणाली, "तुला काय, तुला आता सवय झालीय."

"मग तुमच्या हातानं लावा," आरती म्हणाली. "माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

साळुबाईनं खरंच लावलं. डब्यातलं चिमूटभर ताजं पीठ पाण्यात कालवून तिनं देव दिव्यावर चिकटवला आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. गाडीभोवती फिरला, बॉनेट वाजवून बघितलं. "गाडी तर बरीय की, पावणं. बिघाड काय झाला व्हता?"

गोरखनं ओट्यावर उभ्या आरतीकडं एकदा बघितलं.

"बायकोनं चालवली व्हती," तो म्हणाला.