तळ्याची गोष्ट गर्भारणीला सांगत नाहीत

बेडकाची बोटं… लांब, बारीक, अजून ताणलेली. येन्सीच्या तळहातावर तो उताणा पडला होता, पोट पांढरंफटक, आणि हा एकटाच असता तर तिनं त्याला भिरकावून दिलं असतं — पण काठच्या गवतात नजर जाईल तिथवर तसलीच पोटं होती. या तळ्यात मासा नाही. हाच काय तो तळ्याचा जीव, जगात दुसरीकडे कुठे नाही म्हणतात. आणि पाणी तांबूस. काल निळं होतं. जंगलातला लाल तुऱ्याचा पक्षी, एरवी ओरडून कान किटवणारा, तोही गप्प. ओरड की मेल्या, ती मनात म्हणाली.

मधमाश्या पाळायच्या टोपल्या बघायला ती आली होती. काठावरच्या टोपल्या रिकाम्या, वरच्या उतारावरच्या गजबजलेल्या. माश्या रातोरात वर गेल्या होत्या… माश्यांचं बरं आहे, त्यांना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

लेकीचं, फुंकुइनचं, घर खाली, तळ्याचा ओढा उतरतो त्या खळग्यात. माती काळीभोर, मका माणसाहून उंच. तळ्यानं एका रात्रीत खळग्यातली माणसं नेली त्या साली खळगा ओस पडला, लोक वर गेले, आणि मातीच्या मोहानं एकेक करत परत खाली आले. फुंकुइनला आठवा लागलाय. तळ्यानं दाखवलेलं आधी राजवाड्यावर सांगायचं, वडीलधारे बकरा नि ताडी घेऊन तळ्याची समजूत काढतात; आणि गर्भारणीच्या कानावर तर ते कधीच घालायचं नाही. ऐकलं की पोटातलं मूल तळ्याचं होऊन जातं, आईचं राहत नाही. हे खरं आहे. येन्सीला यात कधी शंका आली नव्हती.

ती उतरू लागली. पायवाट ओली, ओढ्याचं पाणीही तांबूस — आणि येन्सीची थोरली बहीण बिह, खळग्यातच राहणारी, तीही त्या साली पोटुशीच. आई तिच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "वर चल गं, माझी कंबर धरलीय, मका तेवढा दळून दे." बिह खदखदून हसली. "बाजाराच्या दिवशी बरी नाही गं धरत तुझी कंबर!" दुसऱ्या दिवशी सकाळी खळग्यात आवाज नव्हता. शेळ्या आडव्या, कोंबड्या आडव्या, मेलेल्यांवर बसायला माशीसुद्धा जिवंत नाही. बिह चुलीपाशी, चुलीत लाकूड अर्धं शिल्लक, विझलेलं… मी आईला कधी माफ केलं नाही. कंबर काय, कंबर! ओढत का नाही नेलंस तिला? आई काही बोलली नाही, मरेपर्यंत नाही, आणि येन्सी समजत राहिली, की तिला काही ठाऊकच नव्हतं. पण त्या दिवशी आईच्या हातांना वास येत होता… हाच, तळ्याच्या चिखलाचा. आई तळ्यावरूनच आली होती. सगळं बघून आली होती.

फुंकुइन दारात भाजी निवडत होती.

"आई, या वेळी? मध काढला नाहीस?"

"काढायचाय. गाळायला माणूस हवंय. चल वर."

"हे पोट घेऊन तो चढ चढू? तुझं आपलं काहीतरीच! तुझ्या जावयाला धाडते उद्या."

"आजच चल. दोन दिवस राहा माझ्याकडे."

"भांडलीस का कुणाशी?" फुंकुइन हसली. तस्सं हसली… बिहसारखं, मान मागे टाकून. "म्हातारपणी एकटीला भीती वाटते होय गं? मग तूच राहा इथे."

राहावं. चुलीपाशी पडून राहावं, जे होईल ते दोघींचं होईल — असं क्षणभर वाटलं आणि किती सोपं वाटलं. आई का नाही राहिली बिहपाशी? की वर मी होते म्हणून? माझ्यासाठी परत चढली ती? आई, एवढी वर्षं शिव्या घालत होते गं तुला.

"आई, अशी काय बघतेस?"

"बेडूक मेलेत," येन्सी म्हणाली. "सगळे. पाणी लाल झालंय."

फुंकुइनच्या हातातली भाजी खाली पडली. तिनं ओरडून कान झाकले नाहीत, आईला शिवीही दिली नाही. नुसते दोन्ही हात पोटावर धरले, आणि हळूहळू भिंतीला धरून उठली.

"हे मला का सांगितलंस?"

येन्सीनं तिचं गाठोडं बांधायला घेतलं. गाठ बसेना. लेक येणार होती, वर येणार होती, आणि येन्सीला एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं, एकीकडे त्या पोटाकडे बघवत नव्हतं. वाचवलं की तळ्याला देऊन टाकलं… आई असती तर तिला विचारलं असतं.