खूप हात लागलेले पांघरूण

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या तळमजल्यावर, मोठ्या खिडकीपाशी उभा असतो. तुम्ही शाळेतून रांगेने येता, ‘केवढा आहे हा’ म्हणता आणि पुढे जाता. आज जरा थांबा. मला हजार धागे सांभाळता येतात. बोलणे तेवढे कधी जमले नाही, आणि त्यापायीच सगळे हातचे गेले.

मला एका सुताराने घडवले. त्याच्या बहिणीचे लग्न एका विणकराशी ठरले होते. भांडी सगळेच देतात, मी माग देतो, असे तो म्हणाला. मला त्यांच्या घरात बसवून झाल्यावर त्याने नव्या मेहुण्याला बजावले, “दाजी, कापड बिघडलं तर मागाला बोल लावू नका. आधी स्वतःच्या हाताकडे बघा.”

विणकर विणायचा आणि त्याची बायको शेजारी बसून दोऱ्याच्या कांड्या भरायची. तो जेवायला उठला की ती माझ्यावर बसायची. आता हे नीट ऐका. धोट्याने आडवा धागा घातला की फणी पुढे ओढून तो ठोकून बसवावा लागतो. हा ठोका ज्याचा त्याचा असतो. कोणाचा जड, कोणाचा हलका, आणि कापडावर तो उमटतोच. म्हणून त्या गल्लीत एकाच्या कापडात दुसरा धोटा घालत नसे. अगदीच अडले तर विणणारा आपल्या हाताने धोटा पुढे करायचा, मगच दुसऱ्याने बसायचे. या दोघांचा ठोका मात्र वर्षानुवर्षे एकमेकांजवळ बसून एकच झाला होता. कापडात हात कुठे बदलला, हे व्यापाऱ्यांनाही ओळखता येत नसे. ते माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, “माग चांगला आहे हो.” मी उगाच फुगायचो.

मग यंत्रमाग आले. मागणी आटली. पुढे पुढे माझ्यावर घरातले टॉवेल वाळत पडू लागले.

म्हातारपणी एकदा विणकराने ते टॉवेल बाजूला केले आणि मऊ सूत चढवून पांघरूण विणायला घेतले.

“कोणाचं हे?” बायकोने विचारले.

“तुझं.”

“माझं? या वयात नवरीचे लाड सुचलेत वाटतं.”

“गिरणीच्या चादरीत कुडकुडत झोपतेस. विणकराची बायको ना तू? लाज वाटते मला.”

“आत्ता वाटली? इतकी वर्षं कुठे ठेवली होती?”

दोघे हसले. पांघरूण निम्मे झाले आणि विणकर आजारी पडला. तो परत माझ्यावर बसला नाही.

तो गेल्यावर तिने कोणाला त्या कापडाला हात लावू दिला नाही. राहिलेले मीच पुरे करणार, म्हणाली. त्याच्या ठोक्यात विणू शकेल असे तिच्याशिवाय आता कोणी नव्हते. पण जिन्यात पाय घसरून तिचे मनगट मोडले. त्यातच मुलाने लहान घर घेतले.

“आई, नव्या घराच्या दारातून हा माग आत जाणार नाही.”

“मला तरी आत घेणार आहेस ना?”

मुलगा ओशाळला. मग ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.” त्यानंतर किती तरी वेळ ती माझ्या लाकडावरून डावा हात फिरवत होती.

विद्यापीठात शिकवणाऱ्या एक मॅडम आसपासच्या वस्तीतली जुनी अवजारे जमवत होत्या. त्यावर वस्तीतल्याच मुलांना शिकवायचे, असा त्यांचा विचार होता. त्या घरी आल्या. म्हणाल्या, “आजी, माग तुमचाच राहील. हात बरा झाला की तिथे येऊन विणा.” अगदी मनापासून म्हणाल्या. अर्ध्या कापडासकट मला तिकडे नेले.

खोटे कशाला बोलू, तिथे माझे बरे चालले होते. मुले माझ्यासमोर बसून धाग्यांवरून गणित शिकत. कधी कोणी म्हातारा आपल्या नातवाला माझे भाग दाखवी. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती ती माणसे आत येऊ लागली.

मग वस्तीतल्या सगळ्यांना बोलावण्याचा दिवस ठरला. मुलांना विणता यावे म्हणून एक नवा छोटा माग आणला होता, पण ऐन वेळी त्याचे धागे गुंतले. मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. मॅडमनी एकदा रांगेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि सगळ्यांसमोरच स्पीकरवर आजींना फोन लावला.

“आजी, मुलांनी तुमच्या मागावर एकेक धागा घातला तर चालेल ना? खूप आशेने आलीत.”

“तुम्ही म्हणाल तसं, बाई.”

मॅडमना तो होकार वाटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घरात आयुष्य काढले होते. माग द्यायच्या वेळी मुलाला म्हणालेले तिचे हे शब्द मला ठाऊक होते. पण मी कोणाला सांगणार?

मुले बसू लागली. एकाचा ठोका इतका हलका की धागा लोंबकळत राहिला. एक पोरगा तर फणीला दोन्ही हातांनी लटकलाच. प्रत्येकाच्या धाग्याशेजारी त्याच्या नावाची चिठ्ठी बांधली. निदान पायाने दाबायची पावडी अडकावी असे मला फार वाटत होते, पण सुताराने मला इतके पक्के घडवले होते की काहीच अडकले नाही.

पुढच्या आठवड्यात हाताचे प्लास्टर निघाले आणि आजी आल्या. कापडावरून बोट फिरवत फिरवत, मुलांचे धागे सुरू होतात तिथे थांबल्या.

“बाई, एवढं उसवू का? धागा तुटू देणार नाही.”

मॅडमचा चेहरा उतरला. “उसवा, आजी. माझंच चुकलं.”

आजींनी सुई हातात घेतली, तेवढ्यात वस्तीतली एक मुलगी बापाला ओढत घेऊन आली. “बाबा, हा माझा धागा. आता कायम इथेच राहणार.” मग तिने आजींना विचारले, “आजी, तुमचा कुठला?”

“माझा राहिलाय अजून.”

“मग त्या दिवशी रांगेत यायचं ना.”

आजींनी सुई पदराला टोचून ठेवली. माझ्या पावडीवर पाय ठेवला, आणि काढून घेतला.

“राहू द्या, बाई. पोरांचं आहे.”

मॅडमनी पुष्कळ विनवले. आजी परत माझ्यावर बसल्या नाहीत. त्या अजून येतात, नव्या मागावर मुलांना शिकवतात, हसतातही. बसतात मात्र माझ्याकडे पाठ करून. माझ्यावर मुले अजून एकेक धागा घालतात, कारण आजींनीच तसे सांगितले आहे. मागावर जसजसे नवे विणले जाते तसतसे आधीचे कापड खाली गुंडाळले जाते. विणकराचा शेवटचा ठोका आता आत गेला आहे. मला तो रोज अंगाला लागतो, पण तिला दाखवता येत नाही.

मित्रांनो, इथे जरूर या. शिका, विणा. पण कोणाचे काम अर्धे राहिलेले दिसले, तर ते कोणासाठी राहिले आहे हे आधी विचारा, आणि चारचौघांत विचारू नका. त्या माणसाशेजारी जाऊन बसा. तो आपल्या हाताने धोटा पुढे करतो का, बघा. नाही केला, तर हात मागे घ्या. आमच्यासारख्या वस्तूंना तुम्हाला अडवता येत नाही.