रोटरीला थंडी वाजते

गुरुवारी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आवाज असा निघाला की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचं विसरला. गाडी वाचली, मैथिली वेळेवर हॉस्पिटलला पोचली आणि सिद्धार्थची मान ताठ झाली ती दोन दिवस वळेना.

आता हे सगळं विसरा. असं काही अजून घडलेलं नाही. आज बुधवार आहे, दोन हजार वीस सालचा जुलै आहे, मेलबर्नमध्ये थंडी आणि दुसरं लॉकडाऊन हातात हात घालून आलेत, आणि वेरिबीतल्या एका कार्पोर्टखाली सिद्धार्थ आपल्या लाल स्पोर्ट्‌स कारच्या बॉनेटवर गोधडी अंथरतोय.

गोधडी त्याच्या सासूबाईंनी शिवलेली होती. मऊ सुती लुगड्यांची, चारी बाजूंनी टाके घातलेली, आणि पुण्याहून खास होणाऱ्या नातवंडासाठी पाठवलेली.

"ती बाळासाठी आहे," मैथिली खिडकीतून म्हणाली.

"बाळ आलं की देऊ त्याला."

"पेट्रोलच्या वासासकट?"

"आवडेल त्याला. माझं आहे ना."

वेरिबीत बर्फ पडत नाही. पहाटे गाडीच्या काचेवर साय धरल्यासारखं पांढरं दव गोठतं, एवढंच. पण सिद्धार्थने तयारी अंटार्क्टिकाची केली होती. नवी बॅटरी बसवली होती. पुढचं डावं चाक काढून, जमिनीवर आडवं पडून चारही प्लग बदलले होते. कॉइल बदलल्या, कूलंट बदललं. ऑइल तर तो रोजच बघायचा, कारण रोटरी इंजिन ऑइल पितं. ही तक्रार नव्हे. घरातला कर्ता पुरुष जेवायला किती घेतो हे सांगताना आई जो सूर लावते, त्या सुरात सिद्धार्थ हे सांगायचा.

ऑस्ट्रेलियात कायम राहायचा पीआर मिळाल्याच्या आठवड्यात त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली होती. पिंपरी-चिंचवडच्या फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, तेव्हा त्याच्या आईचा एकच मेसेज आला: मागची दारं उलटी बसवली आहेत, विकणाऱ्याकडून बदलून घे. दारं मुळातच तशी होती. सिद्धार्थने आईला समजावलं नाही. मोठ्या गोष्टींना सुरुवातीला विरोध होतोच, हे त्याला माहीत होतं.

बाकी सगळ्यांना मात्र तो समजावायचा. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात, पण रोटरीत एक फुगीर तिकोनी रोटर गोल फिरतो, म्हणजे समोसा फिरतो असं समजा. आणि या समोशाचा एक नियम आहे. थंड असताना सुरू केलात, तर पूर्ण गरम होऊ द्यायचा. मध्येच बंद केलात तर आत आलेलं जास्तीचं पेट्रोल तसंच राहतं, प्लग भिजतात, आणि पुढच्या वेळी सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते. याला फ्लड होणं म्हणतात. सिद्धार्थ हे इतक्या प्रेमाने आणि इतका वेळ सांगायचा, की समोशाच्या पुढे कोणीही ऐकत नसे.

या हिवाळ्यात गाडी तीन वेळा फ्लड झाली होती. तीही उभ्या उभ्या. शनिवारी इंडियन ग्रोसरी आणायला म्हणून जावं, सेल्फ मारावा, आणि ती कण्हावी. दर वेळी सिद्धार्थ प्लग काढून, पुसून, वाळवून तिला शुद्धीवर आणायचा आणि मग एखादा नवा पार्ट मागवायचा. आपण न चालवता ती फ्लड कशी होते, हे त्याला कळेना. शेवटी थंडीच वाईट, असं त्याने ठरवलं आणि गोधडी आणली.

एवढ्यात मैथिलीची रोजची छोटी गाडी गिअरबॉक्सचं दुखणं घेऊन गॅरेजला जाऊन बसली. पार्ट बोटीत होता आणि बोट कुठे होती हे कोणालाच माहीत नव्हतं. मैथिली हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. आठवडाभर ती ट्रेनने गेली, पण गुरुवारपासून रुळांचं काम निघालं आणि ट्रेनच्या बदली बस सुरू होणार होत्या. त्या बसने गेलं तर सकाळच्या शिफ्टला दुपारी पोचता येतं.

"उद्या तुझी नेते," ती म्हणाली होती. "पहिल्या सेल्फला सुरू झाली तर तू म्हणशील तितकी वर्षं ठेव. नाही झाली तर विकायची. जाहिरात मी लिहिते, फोटो तू काढ."

"आणि दुसऱ्या सेल्फला झाली तर?"

"सिद, मी वॉर्डात पेशंटला दुसऱ्या सेल्फला ऑक्सिजन लावते का?"

डॉक्टरशी लग्न करण्यातला हा तोटा त्याला कोणी सांगितला नव्हता.

तर बुधवारची दुपार. गोधडी टोकाला बांधत असताना कुंपणापलीकडून बॅरी डोकावला. बॅरी प्लंबर, त्याचं काम जरुरीचं म्हणून चालू, पहाटे निघायचा आणि आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, परत यायचा.

"मेट," गोधडीकडे बघत तो म्हणाला, "शी सिक?"

"थंडीची काळजी घेतोय फक्त."

"भारी आवाज आहे हां तिचा. रोज सकाळी मी व्हॅन भरत असतो तेव्हा ऐकतो. माझं अलार्म क्लॉकच झालंय ते."

इथे कोणताही शहाणा माणूस थांबून विचारेल, की रोज सकाळी म्हणजे काय. पण गाडीच्या आवाजाचं कौतुक करणारा माणूस सिद्धार्थला या गल्लीत पहिल्यांदाच भेटत होता. कौतुक तो पूर्ण घोट घेऊन प्यायला, आणि त्यातली माहिती तळाशी तशीच राहिली.

"ट्विन रोटर आहे," तो म्हणाला. "आत समोसा फिरतो असं समज."

"नो वरीज," म्हणून बॅरी आत गेला.

रात्री जेवताना सिद्धार्थने तयारीचा अहवाल दिला. टेबलावर मैथिलीचे वडील चंद्रहासही होते. पिंपरीच्या पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस फेब्रुवारीत लेकीकडे महिनाभरासाठी आला होता. विमानं बंद झाली, महिना लांबला, आणि आता ते माकडटोपी घालून व्हिक्टोरियाचा हिवाळा बघत होते. सासूबाई तिकडे आणि ते इकडे, दोघांचीही तब्येत सुधारली होती.

"बॅटरीचं म्हणाल तर बॅटरी ठणठणीत आहे, सिद्धार्थराव," चंद्रहास आमटी ओरपत म्हणाले. "त्याची काळजी तुम्ही करू नका."

"नवीनच टाकलीये, बाबा."

"नवीन-जुनी प्रश्न नसतो. सांभाळणारा असावा लागतो." त्यांनी मुलीकडे बघितलं. "आमच्या सोसायटीत विचार. कुलकर्ण्यांचा मुलगा टेक्सासला, शिंद्यांची दोघं लंडनला. सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. एकाची बॅटरी उतरू दिली नाही मी."

"बाबा, पोळी घ्या," मैथिली म्हणाली. हे भाषण तिचं पाठ होतं.

झोपताना सिद्धार्थने नेहमीप्रमाणे कानात बोळे घालायला घेतले. सासरे पहाटे भस्त्रिका करायचे, आणि त्याची शिफ्ट उशिरा संपायची, त्यामुळे मार्चपासून तो बोळे घालून नऊपर्यंत झोपत होता. आज मात्र अलार्म ऐकू यायला हवा म्हणून त्याने बोळे डब्यात ठेवले. थंडीविरुद्ध केलेल्या सगळ्या तयारीत कामाला आलेली गोष्ट ही एवढीच, आणि तिला एक डॉलरही खर्च आला नाही.

पहाटे अलार्मच्या आधी त्याला आवाज आला. तो आवाज तो हजार इंजिनांत ओळखला असता. आधी स्टार्टरची एकच घरघर, मग ती गुरगुर, मग एका लयीत चाललेला तो गोल, गुबगुबीत नाद. स्वप्न म्हणून त्याने दोन क्षण ऐकून घेतलं. मग हॉलमधल्या खुंटीवर किल्ली नाही हे त्याला दिसलं, आणि तो शॉर्ट्‌सवरच बाहेर पळाला.

कार्पोर्टखाली गोधडी घडी करून बाजूला ठेवलेली होती. ड्रायव्हरच्या सीटवर माकडटोपी होती, माकडटोपीत चंद्रहास होते. त्यांचा एक हात किल्लीवर होता आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"या, सिद्धार्थराव. झालंच. वीस सेकंद राहिले."

"कशाला?"

"मिनिट व्हायला. एक मिनिट सुरू ठेवायची आणि बंद करायची. रोज मैथू गेल्यावर करतो. आज तिला न्यायची आहे म्हणून आधीच उरकून घेतलं."

"रोज?"

"रविवार सोडून. इंजिनालाही सुट्टी हवी."

सिद्धार्थच्या डोळ्यांसमोरून तीन शनिवार गेले. चार प्लग, तेही दोन सेट, कॉइल, बॅटरी, जमिनीवर आडवं पडून गारठलेली पाठ. पण समोर किल्लीवर हात होता आणि सेकंद जात होते. बंद झाली तर मैथिली येईपर्यंत ती कण्हायला लागणार, आणि मग फोटो त्यालाच काढायचे होते.

"बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "किल्लीवरचा हात काढा."

"अहो, पण नियमाप्रमाणे..."

"काढा. घाई नका करू. आधी अंगठा."

चंद्रहासनी आधी अंगठा काढला, मग बाकीची बोटं. चालत्या गाडीसमोर शॉर्ट्‌सवर हात जोडून उभा राहिलेला जावई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. सिद्धार्थ फेरा मारून शेजारच्या सीटवर बसला आणि त्याने समोशाच्या पुढचं सगळं सांगितलं. या वेळी ऐकणारा शेवटपर्यंत थांबला, कारण त्याला उठायची सोय नव्हती.

बाहेर उजाडत होतं. टेंपरेचरचा काटा हळूहळू वर सरकत होता. चंद्रहास त्या काट्याकडे बघत राहिले.

"म्हणजे ते तीनदा," ते म्हणाले, "माझ्यामुळे."

सिद्धार्थने हीटरचा झोत त्यांच्याकडे वळवला.

"स्कूटरला चालतं हो हे. मारुतीला चालतं." त्यांनी माकडटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "तुम्ही दोघं दिवसभर काम करता. मी काय, फोडणी द्यायची तर मैथू म्हणते बाबा तुम्ही बसा. एवढं एक काम मला जमत होतं असं वाटलं."

पाचेक महिने हा माणूस आपल्या घरात राहतोय आणि आपण त्याला एकदाही गाडीत बसवून कुठे नेलं नाही, हे सिद्धार्थच्या तेव्हा लक्षात आलं. नेणार कुठे, सगळं बंद, हेही खरं. पण दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांचं वजन सारखं नसतं.

"पण बाबा, एक सांगा. एवढ्या थंडीत, पहिल्या सेल्फला घेतली?"

"पहिल्याच. मी कधी दुसरा मारतच नाही. हलकं धरायचं, ओरबाडायचं नाही."

"मला दोन-तीन लागतात."

"तुम्ही घाबरत मारता."

मैथिली बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा काटा मधोमध पोचला होता. तिने धडधडणाऱ्या गाडीकडे बघितलं, शॉर्ट्‌समधल्या नवऱ्याकडे बघितलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवरच्या वडिलांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"पहिल्या सेल्फला?"

सिद्धार्थकडे या क्षणासाठी साठवलेली बरीच वाक्यं होती. त्यातल्या निम्म्यांत सासरे होते.

"पहिल्या," तो म्हणाला. "बाबांनी मारला. हात आहे त्यांचा."

"बाबा, तुम्हाला ही चालवता येते?"

"चालवता नाही येत," चंद्रहास दार उघडून उतरले आणि स्वेटर नीट केला. "चालू करता येते."

मैथिलीने हसू दाबलं आणि सीट पुढे ओढली. लाल गाडी ड्राइव्हवेवरून खाली उतरली, रस्त्याला लागली, आणि कोपऱ्यावर मैथिलीने गरज नसताना एकदा ॲक्सिलरेटर दाबला. तो नाद घरांवरून घरंगळत गेला. बॅरीने व्हॅनपाशी उभं राहून कॉफीचा मग उंच केला. जावई आणि सासरे, एक शॉर्ट्‌समध्ये, एक हातात माकडटोपी घेऊन, नेव्हीच्या संचलनाची सलामी घेतल्यासारखे फुटपाथवर उभे राहिले. दोघांपैकी कोणाचीही छाती जास्त फुगली होती असं म्हणता येणार नाही. आणखी फुगायला जागाच नव्हती.

गाडी राहिली. पुढल्या आठवड्यात बोट सापडली, मैथिलीची छोटी गाडी परत आली आणि रोटरी पुन्हा कार्पोर्टखाली उभी राहायला लागली. आता अडचण अशी होती, की ती सुरू केली तर गरम होईपर्यंत फिरवायला हवी, आणि घराबाहेर पडायला सरकारने चारच कारणं ठेवली होती: खरेदी, सेवाशुश्रूषा, व्यायाम आणि काम. इंजिन कुठल्याच कारणात बसेना.

"नियमात नाही म्हणजे कोणी अर्ज केलेला नाही," चंद्रहास म्हणाले. आता ते गाडीचे मुख्य चालूकर्ते होते, पद मानद होतं, आणि पदासोबत जबाबदारी येते. "कागद द्या."

अर्ज त्यांनी शुद्ध मराठीत लिहिला. इंग्रजी भाषांतर संबंधित खात्याने आपल्या स्तरावर करून घ्यावं, असं त्यांचं मत पडलं. सिद्धार्थने तो स्कॅन करून पाठवला. तो असा:

प्रति, मा. आरोग्य अधिकारी, व्हिक्टोरिया राज्य. विषय: लाल रंगाच्या वाहनास व्यायामाची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वाहनाची प्रकृती थंडीत एक मिनिट चालवून बंद केल्यास बिघडते, हे निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः तीन वेळा सिद्ध केले आहे. सबब सदर वाहनास राज्यातील रहिवासी समजून, जावई चालक व सासरे चालूकर्ते यांच्या देखरेखीखाली, पूर्ण गरम होईपर्यंत रोज बाहेर सोडण्यात यावे. वाटेत पोलिसांनी अडविल्यास इंजिन बंद करावयास सांगू नये. आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत राज्यातील हिवाळा स्थगित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.